कपाटावरचे तीन ठोके

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी आमच्या गेमचा सर्व्हर कायमचा बंद केला. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या एका मित्राच्या. कॉम्प्युटरवर खेळायचा तो छोटा खेळ आम्ही दोघांनीच केला होता, आणि वेगवेगळ्या गावी बसलेल्या दोन माणसांना तो एकत्र खेळता यावा म्हणून तो सर्व्हर मी चालू ठेवला होता. आता कोणी खेळत नव्हतं. बंद करण्यापूर्वी एका दुपारी मी सवयीने जुन्या नोंदी उघडल्या. मी मित्राला वर्षभराहून जास्त काळ फसवलं होतं, हे कळायला मला नोंदींची गरज नव्हती. त्यांत दुसरंच निघालं. ते सांगायचं तर आधी कपाटाबद्दल सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं सदाशिव पेठेत एका खोलीत राहत होतो. मी कराडकडचा, तो यवतमाळचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एका बाकावर बसलो, एवढीच ओळख. खोलीत दोन खाटा, एक लोखंडी कपाट आणि सुटे भाग आणून जोडलेला एक कॉम्प्युटर. कीबोर्ड अर्थातच एक. डावीकडची अक्षरं त्याची, उजवीकडचे बाण माझे. एकाच पडद्यावर आम्ही मोटारी पळवायचो, एकमेकांना गोळ्या घालायचो, आणि हरलेल्याने मेसचे डबे घासायचे. तो स्वस्तातला कीबोर्ड एका वेळी चारपाच कळाच ओळखायचा. मी दोन बाण दाबून धरले की त्याची उडी लागायची नाही. हे मला त्याच्या आधी कळलं होतं आणि मी ते महिनाभर सांगितलं नव्हतं.

"बोट काढ ना बे!" तो ओरडायचा आणि कोपराने माझ्या बरगडीत ढोसायचा. त्या कोपराला टोक होतं. मी ओरडलो की तो म्हणायचा, "हा पण गेमचाच भाग आहे."

खोलीचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की मालकांचा कोणीतरी भाचा शिकायला येणार असायचा. त्यामुळे चार वर्षांत आम्ही तीन खोल्या बदलल्या, आणि तिन्ही वेळा ते कपाट आम्ही दोघांनीच उतरवलं आणि चढवलं. पेठेतले जिने अरुंद आणि वळणाचे. कपाट आडवं धरलं की पलीकडचा माणूस दिसत नाही. खालून रिक्षा, वरून कोणाचा तरी टीव्ही, त्यात ओरडलेलं ऐकू जायचं नाही. मग आम्ही ठोके ठरवले. पत्र्यावर एक ठोका म्हणजे ठेव. दोन म्हणजे उचल. तीन म्हणजे, थकलास का? थकला नसेल तर त्याने तीन ठोके परत द्यायचे. थकला असेल तर काहीच वाजवायचं नाही, मग दोघांनी जिन्यातच बसायचं.

उतरताना सगळा भार खालच्यावर येतो. तिन्ही वेळा तो खाली होता. "तुझे हात सदरे धुण्यापुरते आहेत," असं म्हणून त्याने स्वतःच खालचं टोक धरलं होतं. मी कधी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या खोलीच्या मालकांनी आमची वरात जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिली होती. कपाटाचा कोपरा भिंतीला घासला तसे ते म्हणाले, "अहो, कपाट तुमचं आहे, ते न्या. रंग आमचा आहे, तो ठेवून जा." पलीकडून मला मित्राचं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ एक ठोका. हसण्याने त्याच्या हातातलं बळ गेलं होतं.

पुढे आम्हाला दोघांनाही हिंजवडीत नोकरी लागली. एकाच कंपनीच्या बसने जायचो. खिडकीतून उसाच्या शेतांचे तुकडे दिसायचे, पुढच्या वर्षी त्या जागी काचेची इमारत. माझं बरं चाललं. लग्न झालं, फ्लॅट झाला, हाताखाली माणसं आली. तो मात्र परदेशातल्या कुठल्याशा बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत एका जागी बसून राहिला. दहाएक वर्षांनी तो एकदा बसमध्ये म्हणाला, "आपण कपाटाचा गेम करू."

तोवर दोनचार माणसांनी घरी बसून केलेले गेम इंटरनेटवरून विकता येऊ लागले होते. आम्ही दर शनिवारी माझ्या फ्लॅटवर बसायचो. चित्रं त्याची, रचना त्याची, आतली यंत्रणा माझी. खेळ साधा होता. दोन माणसं एक कपाट घेऊन जिना उतरतात. प्रत्येक खेळाडूला एकच टोक. एकाने घाई केली की दुसरा चेंगरतो, एकाने सोडलं की कपाट घरंगळतं. खाली घरमालक उभे असतात आणि शेरे मारतात. ठोके तसेच ठेवले होते, एक आणि दोन. तिसरा त्याने नंतर घातला.

"याने खेळात काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग काढू."

"राहू दे ना बे. एक कळ रिकामी आहे."

एका कीबोर्डवर, एका पडद्यासमोर दोघांनी बसून खेळायचा म्हणून आम्ही तो विकायला ठेवला. थोड्या लोकांनी घेतला. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच लिहिलं: खेळ छान आहे, पण कोणाबरोबर खेळू?

"ऑनलाइन करायला पाहिजे," मी म्हणालो.

"कायले?"

"अरे, लोकांकडे दुसरा माणूसच नाही."

"शेजाऱ्याला बोलवा म्हणा."

"शेजाऱ्याला? पुण्यात?"

तो हसला, पण पुन्हा गंभीर झाला. "अन् कोपर कुठून आणशील? शेजारी माणूस बसला की तो बसलाच राहते. उठला तर दिसते. तारेच्या पलीकडे कोण बसलं, बसलं का नाही, काय माहीत?"

मला ते हळवेपण वाटलं. मी ऑफिसात जसा बोलतो तसा बोललो: बाजार, वापरणाऱ्यांची गरज, वगैरे. दोन महिन्यांत मी ऑनलाइन खेळ उभा केला. अडचण अशी होती, की एकाने कळ दाबल्यावर ती दुसऱ्याच्या गावी पोचायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात कपाट भिंतीवर आपटायचं. म्हणून मी कॉम्प्युटरला पलीकडच्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज करायला लावलं. आणि एखाद्याचं नेट मध्येच गेलं तर त्याचं टोक कॉम्प्युटरने धरावं, अशीही सोय केली. त्याला आम्ही 'बदली' म्हणू लागलो.

मित्राने ते चालवून बघितलं. "म्हणजे पलीकडचा उठून गेला तरी इकडच्याला कळणार नाही?"

"खेळ थांबणार नाही."

"मी काय विचारलं अन् तू काय सांगून रायला?"

शेवटी तडजोड झाली. बदली आली की त्या आकृतीच्या डोक्यावर हमालाचा लाल टॉवेल दिसेल. टॉवेल त्याने स्वतः रंगवला. "निदान माणसाला माहीत असावं," तो म्हणाला.

ऑनलाइन वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. एका बाईंनी लिहिलं, की भाऊ परदेशात असतो, पंधरा वर्षांनी आम्ही लहानपणासारखे भांडलो, त्याने माझा पाय तीनदा चेंगरला. मित्राने ते दोनदा वाचलं. "ठीक आहे," म्हणाला, "राहू दे तुझं ऑनलाइन."

त्यानंतर वर्षभरात त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तो एकुलता एक. नोकरी सोडून बायकोला घेऊन यवतमाळला गेला, तिथे एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागला. बाकीचा वेळ वडिलांचा. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, धुवायचं. रविवारी दुपारी चार ते पाच वडील गाढ झोपायचे आणि तेव्हा आम्ही दोघं आमचा गेम खेळायचो. पलंग त्याच खोलीत, म्हणून बोलायची सोय नव्हती. कानात इअरफोन आणि त्यात फक्त ठोके. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो की तो तीन ठोके द्यायचा. मी तीन परत द्यायचो. मग खाली उतरायचो.

एकदा फोनवर तो म्हणाला, "आठवड्यातला तेवढा एक तास मी पुण्यात असतो." त्याला कशाचं काय वाटतं हे तो सहसा सांगत नसे. म्हणून ते वाक्य मला लक्षात राहिलं. लक्षात असूनही मी पुढचं केलं.

पहिल्या वेळी कारण होतं सोसायटीची सभा. पार्किंगवरून भांडणं चालली होती आणि माझी जागा जाणार होती. मित्राला 'आज जमत नाही' असं कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण त्याच्या आवाजातलं ते "बरं" मला ऐकायचं नव्हतं. मी माझ्या जागी बदली लावली. आणि लाल टॉवेल काढून टाकला. सर्व्हर माझाच होता, एक ओळ बदलावी लागली.

सभेत पार्किंग वाचलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "आज भिंतीला कमी घासलं." मी हसण्याची खूण पाठवली.

पुढच्या रविवारी मी स्वतः खेळलो. त्याच्या पुढच्या रविवारी सासरची माणसं जेवायला होती. मग मुलीचं गॅदरिंग, मग एक सहल, मग नुसताच कंटाळा. चारच्या सुमारास आपल्याला कुठे तरी असायला हवं, हे ओझं वाटू लागलं होतं. मी बदलीला माझे जुने खेळ दाखवून माझ्यासारखं खेळायला शिकवलं. दुसऱ्या वळणावर मी नेहमी लवकर वळतो आणि कोपरा आपटतो, ती चूकसुद्धा शिकवली. ती चूक शिकवताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. शेवटी ती दर रविवारी ठीक चारला आपोआप हजर होईल असं करून टाकलं, आणि विसरून गेलो.

तीन ठोक्यांना उत्तर द्यायला मात्र तिला शिकवलं नाही. त्या ठोक्याने खेळात काहीच होत नाही, म्हणून तो मी निरुपयोगी ठरवून वगळला होता. विसरलो असं म्हणायची सोय नाही. एकदा सुचलं होतं. अर्धा तास लागला असता.

मधल्या काळात एका संध्याकाळी मी हिंजवडीच्या चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. तासभर बस हलली नव्हती. त्याचा मेसेज आला: "थकलास का बे?" मी लिहिलं, "हो रे, फार. ही ट्रॅफिक जीव घेणार." बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं: "बरं."

मग एका गुरुवारी त्याचे वडील गेले. मी फोन केला. "येऊ का?" असं विचारलं. ज्याला जायचं असतं तो असं विचारत नाही, निघतो. तो म्हणाला, "नको बे, लांब आहे." मी लगेच मान्य केलं. त्यानंतर आमचं बोलणं सणासुदीच्या शुभेच्छांवर आलं. रविवारचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. सुटलो असंच मला वाटलं होतं.

आता त्या नोंदी.

सर्व्हर प्रत्येक कळ आणि तिची वेळ लिहून ठेवत असे. पहिल्या, म्हणजे सोसायटीच्या सभेच्या रविवारी, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या बाजूने तीन ठोके आहेत. माझ्या बाजूने काही नाही. मिनिटभराने पुन्हा तीन. काही नाही. पाच मिनिटं त्याने कपाट तसंच ठेवलं. मग दोन ठोके दिले, बदलीने निमूट उचललं आणि दोघं खाली उतरले. त्यानंतरच त्याने मला भिंतीबद्दल लिहिलं होतं.

मी स्वतः खेळलो त्या रविवारी: तीन, आणि उत्तर तीन. पुढच्या रविवारी: तीन, उत्तर नाही. तिथून पुढे दर रविवारी त्याच वळणावर तीन ठोके, आणि समोर रिकामी जागा. कधी तो मिनिटभर थांबलाय, कधी दहा मिनिटं. मी ते पडद्यावर खाली खाली सरकवत गेलो. मला बसमध्ये मेसेज आला, तो दिवस सोमवार होता. आदल्या दिवशीच्या नोंदीत तीन ठोके अकरा वेळा आहेत. सगळे अनुत्तरित. मग त्याने तोच प्रश्न शब्दांत विचारला, आणि मी त्याला ट्रॅफिकबद्दल सांगितलं. त्यानंतर, शेवटचा रविवार सोडला तर, त्याने तीन ठोके दिलेले नाहीत. तरीही तो दर रविवारी चारला येत राहिला. बदलीबरोबर एक जिना उतरायचा, दुसरा उतरायचा, पाचला जायचा.

त्याची शेवटची नोंद वडील गेले त्या गुरुवारनंतरच्या रविवारची. त्या दिवशी मी घरीच होतो. काही करत नव्हतो. तो कशाला खेळेल, असं मी धरून चाललो होतो. चारला एक मिनिट असताना तो आला. ठीक चारला माझी बदली आली. त्याने कपाट उचललंच नाही. चार वाजून दोन मिनिटांनी तीन ठोके. चार वाजून नऊ मिनिटांनी तीन. असे पाच वाजेपर्यंत. बदली कपाटाला हात लावून समोर उभी होती, कारण तिला फक्त एक आणि दोन कळत होतं. पाचला तो गेला. त्यानंतर त्याची नोंद नाही.

सर्व्हर बंद केला आणि त्याच आठवड्यात यवतमाळला गेलो. फोन न करता गेलो, कारण फोनवर तो "नको बे, लांब आहे" म्हणाला असता आणि मी पुन्हा ऐकलं असतं. सकाळी अकराच्या सुमारास दार त्यानेच उघडलं. केस बरेच पिकले होते. माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "कोण आलं बे? तू, का बदली?"

तो हसत नव्हता. पण दारातून बाजूला झाला.

त्याची बायको बाहेर आली. "भाऊजी, किती वर्षांनी! आधी कळवलं असतं तर जेवायला काही केलं असतं," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. खोलीत वडिलांचा पलंग तसाच होता, गादी गुंडाळलेली. खिडकीजवळ कॉम्प्युटर, त्याच्यासमोर एक खुर्ची.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं तुला," मी म्हणालो.

"हो."

"बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, काम असेल. मग वाटलं, तूच सांगशील."

"आणि तरी खेळत राहिलास. वर्षभर."

तो पलंगाच्या कठड्यावरून हात फिरवत होता. "चार वाजता कोणीतरी येत होतं ना बे," तो म्हणाला. "इथे तेवढंही येत नव्हतं."

मी माफी मागितली. बसमध्ये बसल्यापासून जुळवलेली चारसहा वाक्यं होती, ती सगळी म्हटली. त्याने ती ऐकून घेतली. मग विचारलं, "टॉवेल का काढलास?" इतक्या लांबच्या प्रवासात त्या टॉवेलचा मी विचारच केला नव्हता. त्याने थोडी वाट पाहिली, आणि मग चहा आला.

चहा पिताना त्याने सर्व्हरचं विचारलं. बंद केला म्हणालो. एका कीबोर्डवर दोघांनी बसून खेळायचं ते अजून चालतं, त्याला सर्व्हर लागत नाही, हेही सांगितलं. "हो, ते चालणारच," तो म्हणाला. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. दुसरी खुर्ची भिंतीला लावलेली होती, तिच्यावर धुतलेले कपडे होते. तो उठला असता तर मी ते कपडे उचलले असते. तो उठला नाही. माझ्या उजव्या हाताशी त्यांचं लोखंडी कपाट होतं, आणि सबंध वाटभर मी ठरवून आलो होतो, की त्याच्यावर तीन ठोके देईन. माझा हात मांडीवरून उचलला गेला नाही.

दुपारच्या गाडीने परत निघालो. तो फाटकापर्यंत आला. क्लासमधल्या मुलांविषयी, उन्हाविषयी काहीबाही बोललो. मी रस्त्यावर आल्यावर त्याने फाटकाची कडी लावली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी फोन करून ये."

चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, आणि पुढेही कितीतरी वर्षं त्याच्या दारावर मी न सांगता जात होतो. फोन करून ये, असं त्याने मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.